ब्लाउजच्या हुकाला पर्याय: दुखऱ्या बोटांसाठी घरी बनवायचा कडी-कोयंडा

आईच्या ब्लाउजला सहा हूक. ते लावायला तिला सकाळी पंधरा-वीस मिनिटं लागायला लागली तेव्हा ती कोणाला काही बोलली नाही, सरळ गाऊनवर राहायला लागली. लग्नाचं, बारशाचं बोलावणं आलं की "मला बरं वाटत नाहीये, तुम्हीच जाऊन या". आम्ही आपले बीपी तपासतोय, रक्त तपासतोय. मग एकदा मी न ठोठावता खोलीत गेले तर बाई पलंगावर बसून तिसऱ्या हुकाशी झटतायत, डोळ्यात पाणी, मला बघून पटकन पदर ओढून घेतला. संधिवाताने पेरं सुजलेली, उजवा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना धड टेकत नाहीत, आणि हूक हा प्रकार तर अख्खा त्या दोन बोटांच्या चिमटीवर चालतो.

मी अठरा वर्षं घरी ब्लाउज शिवते. हूक किती शिवले असतील त्याची गणती नाही, पण माझा हुकाशी संबंध सुई-दोऱ्यापुरता, रोज सकाळी तो अडकवणाऱ्या बाईचा विचार मी कधी केलाच नव्हता. त्यानंतरचं सगळं वर्ष नवीन आकडा, म्हणजे हुकाच्या जागी लावायची अडकण, बनवण्यात गेलं, पाच सॅम्पल झाली, त्यातली चार वाया. खाली जे लिहितेय ते पाचव्याचं आहे, पण आधीच्यांत काय चुकलं तेही सांगते, कारण तुमची आई, सासू, पेशंट जे कोणी असेल त्यांची बोटं वेगळी असणार, तुम्हाला हे डिझाइन थोडं तरी बदलावं लागणारच.

तर पहिली गोष्ट, आधी काही बनवू नका, नुसतं बघा. आईची परवानगी घेऊन मी तिच्या हातांचा मोबाइलवर व्हिडिओ काढला, नुसते हात, आणि तो हळू करून पाच-सहा वेळा बघितला. मला वाटत होतं तिच्या बोटात जोर नाही म्हणून अडतंय. तसं नव्हतंच. हूक लावताना आपण चार कामं करतो: दोन्ही पट्ट्यांच्या कडा पकडायच्या, हुकाच्या नाकासमोर दोऱ्याचं घर शोधायचं, हूक थोडा पुढे ओढायचा, आणि मग सोडायचा. पकडणं तिला कसंबसं जमत होतं, ओढणं जमत होतं, सोडणं तर काय आपोआपच. सगळा वेळ जात होता शोधण्यात. दोऱ्याचं ते घर असतं जेमतेम चार-पाच मिमीचं, हूक पट्टीच्या आतल्या बाजूला, म्हणजे तो दिसत नाही, आणि स्वतःच्या हनुवटीखालचं कोणालाच नीट दिसत नाही, बायफोकल चष्म्यातून तर नाहीच नाही. म्हणजे आंधळी कोशिंबीर, तीही सुजलेल्या बोटांनी, सहा वेळा. व्हिडिओ बघितला नसता तर मी 'कमी जोर लागणारा हूक' बनवत बसले असते आणि काही उपयोग झाला नसता.

तुम्ही बघाल तेव्हा हेच चार भाग वेगवेगळे मोजा. अर्धांगवायू होऊन गेलेल्या माणसाचा एकच हात चालतो, त्याचं अडतं पकडण्यात, शोधण्यात नाही. पार्किन्सन्सवाल्याचा हात थरथरतो, त्याचं आणखी वेगळ्याच ठिकाणी अडू शकतं. कुठे अडतंय त्यावर आकडा ठरतो.

आता बाजारात जे तयार मिळतं ते आधी लावून बघाच, मी पण बघितलं. वेल्क्रो सगळे पहिल्यांदा सुचवतात. जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या स्विस इंजिनियरने १९४१ मध्ये शिकारीहून परत येताना कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी फळं बघितली, आपल्या पायजम्याला कुसळं चिकटतात ना तसलं काहीतरी, आणि त्यावरून त्याला वेल्क्रो सुचलं, १९५५ मध्ये पेटंट. चपलेला, बॅगेला, पोटाच्या पट्ट्याला एक नंबर. ब्लाउजला नको. साडीचे धागे ओढतं, जरीच्या काठाला तर एका दिवसात पिंजून ठेवतं, धुण्यात कचरा धरतं आणि जराशी तिरकी चिकटली की छातीवर घडी पडते. वर तो काढताना होणारा चर्रर्र आवाज, आईला त्याची भयंकर लाज वाटायची.

टिचबटण बरं वाटलं होतं, पण ते लावायला समोरून दाबावं लागतं, दाबायचं कशावर तर स्वतःच्या छातीवर, मागे टेकू काही नाही. ज्यांची बायपास झालीय त्यांना हे सांगूच नका. चेन छान, फक्त खालचं टोक पिनेत घालायला सगळ्यात जास्त नेमकेपणा लागतो, म्हणजे आमचाच प्रॉब्लेम मोठा होऊन परत आला. (चेनवाल्यांचं एक सांगावंसं वाटतं. व्हिटकॉम्ब जडसनने १८९३ मध्ये जो 'क्लास्प लॉकर' आणला तो सारखा उघडायचा नाहीतर अडकायचा, आणि धड चालणारी चेन गिडिअन सुंडबॅकने बनवली ती १९१३ मध्ये. मधे वीस वर्षं. माझी चार सॅम्पल फेल गेली तेव्हा मी हे मनात घोळवत बसायचे.)

आई म्हणाली, "अगं आजी कुठे हूक लावायची, चोळीची गाठ मारली की झालं." खरंच की. आपल्याकडे जुने कपडे बहुतेक बांधायचेच, चोळीला गाठ, बाराबंदीला बंद, बाळाच्या झबल्याला अजून बंदच असतात. पण गाठ मारायला बोटं हुकापेक्षा जास्त चालावी लागतात. तिने स्वतःच करून बघितलं आणि गप्प बसली.

मग राहिलं मॅग्नेट, आणि इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. एकटं मॅग्नेट लावलं. दोन्ही पट्ट्यांत छोट्या गोल चकत्या शिवल्या, पट्ट्या जवळ आणल्या की टक्कन आपोआप चिकटायच्या, शोधायला नको काही नको, आई खूश, मी खूश. (पहिल्या वेळी एक चकती उलटी शिवली गेली होती तर ब्लाउज स्वतःलाच ढकलत होता, तो वेगळा विनोद.) संध्याकाळी आई वरच्या फडताळातला डबा काढायला गेली, हात वर केले आणि सगळं एकदम उघडलं.

का उघडलं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं डिझाइन त्यावर आहे. फ्रिजवरचं मॅग्नेट सरळ ओढून काढा, जोर लागतो. तेच बाजूला सरकवा, एका बोटाने सरकतं. गुळगुळीत धातूवर मॅग्नेट बाजूला सरकवायला सरळ ओढण्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याचा जोर पुरतो. आणि ब्लाउजची पट्टी ओढली जाते ती नेमकी बाजूलाच, अंगाला समांतर. पाकिटावर '१ किलो पकड' लिहिलेलं असतं ते जाड लोखंडावर सरळ ओढून मोजलेलं, मधे कापडाचे दोन थर आले की त्यातलं फार थोडं उरतं.

म्हणजे मॅग्नेटला जागा शोधता येते पण भार धरता येत नाही, आणि हुकाचं बरोबर उलटं. तेव्हा दोघांना आपापलं काम द्यायचं. मॅग्नेटने फक्त जवळ ओढून जागेवर बसवायचं, भार धातूच्या आकाराने घ्यायचा. दाराचा कडी-कोयंडा डोळ्यासमोर आणा, कडी कोयंड्यात बसली की तिला धरून ठेवायला जोर लागत नाही, आकारच धरतो.

आता प्रत्यक्ष माप.

कोयंडा डाव्या पट्टीवर, वरच्या बाजूने (मी अंगात घालणारीच्या डाव्या-उजव्याबद्दल बोलतेय, आणि नेहमीसारखी उजवी पट्टी वर येते असं धरलंय). १.२ मिमी जाडीची स्टेनलेसची तार घ्या आणि स्टेपलरच्या पिनेसारखी वाकवा, मधली दांडी २० मिमी उभी, दोन्ही टोकांना शिवण्यासाठी छोटी कडी वळवा. दांडी कापडापासून २ मिमी वर राहिली पाहिजे.

आकडा उजव्या पट्टीच्या आतल्या बाजूला. ०.६ मिमीचा पत्रा, २८ मिमी आडवा आणि १४ मिमी उभा, कोपरे गोल. पत्र्याच्या मधोमध यू आकाराचा काप घ्यायचा म्हणजे ८ मिमी रुंदीची एक जीभ सुटी होते, तिचं मूळ डावीकडे आणि टोक उजवीकडे. ही जीभ पक्कडीने खाली दाबून मग परत आडवी करायची, म्हणजे पत्रा आणि जीभ यांच्यात १.८ मिमी फट राहील आणि सरळ जीभ ५ मिमी असेल. दांडी त्या फटीत जाऊन बसते. लावताना काय करायचं, उजवी पट्टी डावीकडे जरा जास्तच न्यायची, टेकवायची आणि सोडून द्यायची. ब्लाउजचा ताणच तिला परत उजवीकडे ओढतो आणि जीभ दांडीखाली शिरते. काढताना पुन्हा थोडं डावीकडे ओढून उचलायचं. चिमूट कुठेच नाही.

दांडी २० आणि जीभ ८, म्हणजे वर-खाली ६-६ मिमी चुकलं तरी बसतं. दोऱ्याच्या घरात एक मिमीची चूक चालत नव्हती. शोधण्याचं काम अर्धं इथेच संपतं.

जिभेच्या लांबीवर मात्र मी महिनाभर घालवला. ८ मिमी ठेवली तर कधी सुटत नाही, पण लावायला आणि काढायला ब्लाउज तेवढा जास्त ओढावा लागतो, टाइट ब्लाउजमध्ये तेवढी ढिलाई नसते. ३ मिमी ठेवली तर लावायला लोणी, पण वाकलं की सुटतं. ५ वर थांबले, आणि शिवतानाच छातीच्या मापात पाव इंच लूज जास्त धरला. फिटिंगची फार हौस असेल तर हा आकडा तुमच्यासाठी नाही.

मॅग्नेट कुठे ठेवायचं? दुसऱ्या सॅम्पलला मी ते थेट दांडीच्या खाली ठेवलं, तर आकडा दांडीच्या डोक्यावरच चिकटून बसायचा. टक आवाज यायचा, आईला वाटायचं लागला, आणि मोठा श्वास घेतला की सुटला. खोटं लागणं हे न लागण्यापेक्षा वाईट, न लागलेला निदान कळतो तरी. म्हणून मॅग्नेट दांडीच्या डावीकडे ८ मिमी सरकवलं, आणि आकड्याचा पत्रा जिभेच्या मुळापासून पुढे डावीकडे १२ मिमी ठेवला तो ह्याच्यासाठीच, तो भाग मॅग्नेटवर येतो. जीभ दांडीच्या डोक्यावर असेल तर पत्रा उचललेला राहतो, मॅग्नेट लांब पडतं, पकड लागत नाही. नीट बसला तरच टक वाजतं. ह्या 'टक'वर आईचा आता एवढा विश्वास आहे की ती आरशात बघतसुद्धा नाही.

पत्रा घेताना मी खाल्लेली माती तुम्ही खाऊ नका. पुण्याजवळ भोसरीला भावाच्या मित्राचं वर्कशॉप आहे, त्याला म्हटलं "चांगलं स्टेनलेस दे", त्याने प्रेमाने ३०४ ग्रेड दिलं, चोवीस पत्रे लेझरने कापून दिले, आणि मॅग्नेट त्यांच्याकडे ढुंकून बघेना. ३०४ ला मॅग्नेट जवळजवळ चिकटत नाही, वाकवलेल्या कोपऱ्यात थोडंसं ओढतं तेवढंच. आकड्याला ४३० ग्रेड मागा, ते चिकटतं आणि घामाला, धुण्यालाही बऱ्यापैकी टिकतं. तार कुठलीही चालेल, ३०४ उत्तम. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, खिशात एक मॅग्नेट ठेवा. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून नख फिरवून बघा, नखाला लागलं म्हणजे कापडाला लागणार. निकेलचं पाणी दिलेलं काही घेऊ नका, पुष्कळ बायकांना निकेलने खाज सुटते, हुकाखाली काळं-लाल चट्ट्यासारखं होतं ना, बरेचदा ते त्याचंच असतं.

वर्कशॉप ओळखीचं नसेल तर पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास शिवणसामानाच्या दुकानात पॅन्टचे चपटे हूक मिळतात, मुंबईत भुलेश्वरला मिळतील. त्यातला मोठ्यात मोठा घ्या, त्याची पट्टी फेकून तिथे वरच्या मापाची तार लावा. इतकं छान नाही बसत पण सॅम्पल म्हणून चालतं, माझं पहिलं तेच होतं. त्याच्याही आधी जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा आकडा कापून बघा, माप हातात आल्याशिवाय कळत नाही. थ्रीडी प्रिंटरवाला कोणी ओळखीचा असेल तर जीभ किती ठेवायची ते तपासायला त्याचा उपयोग करा, पण नेहमीच्या वापराला ते पीएलए प्लास्टिक नको, ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, गरम पाण्याचं धुणं आणि इस्त्री त्याला झेपणार नाही.

शिवण्याकडे येऊ. हे मला सगळ्यात सोपं वाटलं होतं आणि तिथेच तिसरं सॅम्पल मेलं. धातू किती भार घेतो ते बघायला मी पट्टी खिडकीच्या गजाला बांधली, आकडा लावला, खाली बादली अडकवली आणि एक-एक लिटर पाणी ओतत गेले (एक लिटर म्हणजे एक किलो, काटा नको). चार लिटरवर टर्रकन आवाज. आकडा जसाच्या तसा, टू बाय टू रुबियाच (ब्लाउजचं नेहमीचं कापड) फाटला, टाके धरून अख्खा चौकोन बाहेर. सहा बारीक हूक भार सहा जागी वाटतात, तुम्ही मोजके मोठे आकडे लावले की प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येतो आणि तो झेलायचा शेवटी कापडाला. म्हणून पट्टीत आत बकरम (कडक अस्तर) घाला, आकड्यामागे अस्तराचं दीड इंची ठिगळ दुहेरी, आणि टाके कापड, बकरम, ठिगळ तिन्हीतून गेले पाहिजेत. पॉलिएस्टर दोरा, दुहेरी. पत्र्याला चार भोकं २ मिमीची, त्यांच्याही कडा घासलेल्या, नाहीतर पत्राच दोरा कापतो. असं केल्यावर बादलीसकट सहा लिटर रात्रभर लटकवलं, सकाळी तसंच होतं.

मॅग्नेट शिवायला पर्ससाठी प्लास्टिकमध्ये सील करून येतात ते घ्या, त्याच्या कडेने शिवता येतं. उघडी चकती घेतली तर वरचं कोटिंग एकदा टवकलं की आत गंजते आणि तो तपकिरी डाग जात नाही, माझा एक पांढरा ब्लाउज असाच गेला. मशीनवर शिवताना पायाजवळ मॅग्नेट आलं की ते सुई स्वतःकडे खेचतं, टेबलावरच्या टाचण्या येऊन चिकटतात त्या वेगळ्याच. तो भाग हातानेच शिवा.

किती आकडे? तीन लावून बघितले, उभं असताना फक्कड, खाली बसून भाजी निवडायला वाकली की दोन आकड्यांच्या मधे पट्टी फाकायची. चार केले. शिवाय डावी पट्टी आतून इंचभर रुंद ठेवली म्हणजे फाकलंच तरी आतलं कापड दिसतं, अंग नाही.

आणि एक गोष्ट जी मी अगदी शेवटी जोडली, तिची किंमत पाच रुपये पण नाही. उजव्या पट्टीच्या कडेला आतून, सगळ्यात खालच्या आकड्याजवळ, टेपचा एक छोटा फास, अंगठा आरामात जाईल एवढा. आई डाव्या हाताचा अंगठा त्यात घालते आणि नुसता हात डावीकडे नेते. चिमटीत कड पकडायची गरजच नाही. खालचा आकडा आधी लागतो, मग वरचे तीन तळहाताने पट्टी सरकवत आणि दाबत वर गेलं की टक, टक, टक. तुमच्या माणसाचा दुसरा हात जास्त चालत असेल तर सगळं आरशातल्यासारखं उलटं शिवा, डावी पट्टी वर. लोक काय म्हणतील वगैरे काही नाही, साडीच्या पदराखाली कोणाला दिसतंय.

तपासायचं कसं ते सांगते, कारण आपली बोटं धड असतात आणि आपल्याला सगळंच सोपं वाटतं. हातात जाड लोकरीचे मोजे घाला, पायातलेच, अंगठा आणि तर्जनी सोडून बाकीची तीन बोटं वरून चिकटपट्टीने एकत्र बांधा, डोळे मिटा आणि लावा. दहा वेळा. किती सेकंद लागले ते कमी महत्त्वाचं, किती वेळा चुकलं ते लिहा. माझे हूक दहापैकी दोनदाच लागले, पाचवं सॅम्पल नऊदा. मग घालून घरभर फिरा: हात वर, खाली वाकणं, मांडी घालून बसणं, खोटं खोटं शिंकणं. मग धुणं. उशीच्या अभ्र्यात घालून गाठ मारून मशीनमध्ये, नाहीतर मॅग्नेट ड्रमला जाऊन चिकटतं. माझं वीस धुणी झाल्यावरच आईला दिलं.

इस्त्री मात्र पट्टीवर फिरवायची नाही. ही छोटी ताकदवान मॅग्नेट असतात ती निओडिमियमची, साध्या ग्रेडची ८० डिग्रीच्या पुढे आपली ताकद घालवायला लागतात, आणि सुतीच्या सेटिंगला इस्त्री २०० च्या आसपास असते. इस्त्रीवाल्याला सांगून तो ऐकणार नाही, त्यामुळे हे ब्लाउज आमच्याकडे घरीच होतात.

आता हे वगळू नका. घालणाऱ्या व्यक्तीला पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं कुठलंही हार्टचं मशीन असेल तर मॅग्नेट अजिबात नाही, छातीवर तर नाहीच. मॅग्नेटमुळे पेसमेकर वेगळ्याच मोडमध्ये जाऊ शकतो. घरात दुसऱ्या कोणाला असेल आणि ते ह्यांना उचलायला, मिठीत धरून उठवायला येत असतील तरी तेच. अशांसाठी मॅग्नेट काढून टाका आणि जिभेच्या टोकाला अर्धा मिमी उंचवटा ठोका, दांडी त्याच्या पलीकडे गेली की हाताला बारीकशी टिचकी कळते. टक इतकं स्पष्ट नाही पण चालतं. एमआरआयला जाताना हा ब्लाउज घरीच. आणि घरात रांगणारं मूल असेल तर मॅग्नेटची शिवण दर धुण्यानंतर तपासा, दोन मॅग्नेट पोटात गेली तर आतड्याला मधे धरून एकमेकांना चिकटतात, ऑपरेशनची वेळ येते.

पेटंट काढ म्हणून भाऊ मागे लागलाय. मी काढणार नाहीये, पण तुम्ही काही वेगळं शोधलंत आणि काढायचं असेल तर आधी अर्ज करा, मग जगाला दाखवा, एकदा उघड दाखवलं की नवेपणाचा मुद्दा जातो. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये आहे, आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज, टाकून बारा महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, देता येतं. नुसतं रूप वेगळं असेल, चालण्याची पद्धत जुनीच, तर २००० च्या डिझाइन्स ॲक्टखाली नोंदणी, दहा वर्षं आणि वर पाच वाढवून. त्याआधी गुगल पेटंट्सवर तास-दोन तास घालवा, माणसाने कपडे अडकवायच्या बाबतीत काय काय करून ठेवलंय ते बघून डोकं चक्रावतं. मार्क ट्वेनचं पण आहे! खरं नाव सॅम्युएल क्लेमेन्स, १९ डिसेंबर १८७१, क्रमांक १२१९९२, कपड्यांना लावायचा कमी-जास्त करता येणारा आणि सुटा होणारा पट्टा. जाकिटापासून पॅन्टपर्यंत कशालाही लावा असं त्याचं म्हणणं, आणि आज तशी रचना सगळ्यात जास्त दिसते ती ब्राच्या पाठीमागच्या हुकांत.

तिथेच माझं घोडं अडलंय. हा आकडा पुढे उघडणाऱ्या ब्लाउजचा आहे. पाठीमागे 'थोडं जास्त न्या, टेकवा, सोडा' हे जमत नाही, खांदा तेवढा मागे वळत नाही आणि मॅग्नेट टक म्हणालं तरी आकडा तिरका बसलेला असतो. मागे उघडणाऱ्यांसाठी सध्या मी काखेखाली बाजूला चेन लावून देते, खालचं टोक कायमचं शिवून बंद, म्हणजे पिनेत घालायला नको, ब्लाउज डोक्यातून घालायचा आणि चेनच्या रनरला टेपचा तोच अंगठ्याचा फास. ज्यांचे हात डोक्याच्या वर जातात त्यांनाच हे जमतं, आईचे जात नाहीत.